भोयर मॅडमची बुडायची तालीम

गाडीवर उकडलेले काळे शिंगाडे दिसले की मला आधी उमाळेसाहेबांचा चेहरा आठवतो आणि मग हसू येतं. हे हसू काही भल्या माणसाचं नाही, ते मला कळतं. पण त्या बाबतीत भोयर मॅडमनी आम्हा सगळ्यांनाच थोडं बिघडवून ठेवलं आहे.

आमचा लेआउट, म्हणजे आमची वसाहत, कळमेश्वर रोडवर, शहर संपता संपता. मागे गावचा जुना तलाव. त्याला मातीची रुंद पाळ, एका अंगाला दगडी पायऱ्यांचा घाट. निम्म्या तलावात गावातले मासेमार ढिवर शिंगाड्याची वेल लावतात, थंडीभर शिंगाडे काढतात. उरलेला निम्मा तलाव आमचा, असं आम्ही मानतो. उन्हाळ्यात नागपूरचा माणूस कूलरसमोरून हलत नाही, त्यामुळे बाहेर पडायचे दिवस काय ते थंडीचे. तेवढ्यात बोटिंग, हुरडा, पाळीवरची सकाळची फेरी, संक्रांतीचे पतंग, सगळं उरकून घ्यायचं. हे कार्यक्रम ठरवायला लेआउटच्या हॉलमध्ये ज्या बैठका होतात त्यांना आम्ही ‘हिवाळी अधिवेशन’ म्हणतो. गोंधळ खऱ्या अधिवेशनाइतकाच, फक्त आमच्याकडचा चहा बरा असावा.

मी इथे राहायला आलो आणि अक्षर बरं म्हणून लगेच सचिव झालो. पहिल्याच बैठकीत मॅडमना पाहिलं. ठेंगणी, काटक बाई, साठीला टेकलेली. सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्र असावं तिथे शिट्टी, आणि पातळावरून चढवलेलं नारिंगी जीवरक्षक जाकीट. हॉलमध्ये. पंख्याखाली. मुलींच्या शाळेत पीटी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण समोर बसलेला प्रत्येक माणूस रांगेत उभा आहे की नाही हे बघायची सवय निवृत्त झाली नव्हती.

त्या बरोबर अध्यक्ष उमाळेसाहेबांच्या समोर बसल्या. पिशवीतून डबा काढला, बशीत उकडलेले शिंगाडे नीट मांडले आणि बशी उमाळेसाहेबांच्या पुढे सरकवली.

“घ्या साहेब. आपल्याच तलावातले आहेत.”

उमाळेसाहेब मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, भारदस्त, सफारी सूटवाले गृहस्थ. माइक दिसला की त्यांचा घसा आपोआप खाकरायचा. त्यांनी बशीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “सचिव, विषय वाचा.” मी विषय वाचले. बैठक संपेपर्यंत बशी तशीच. मॅडमनी शिंगाडे पुन्हा डब्यात भरले, झाकण लावलं आणि गेल्या. पुढच्या बैठकीत पुन्हा डबा, पुन्हा बशी, पुन्हा तेच वाक्य. मला वाटलं, काही मानाची पद्धत असेल. खरी भानगड माझ्या बायकोने आठवड्याभरात शोधून आणली. मला वर्ष लागलं असतं.

मी यायच्या दोन थंड्या आधीची गोष्ट. लेआउटने पहिल्यांदाच पायडलच्या बोटी आणल्या होत्या. बोटींना जागा हवी म्हणून घाटासमोरची शिंगाड्याची वेल कापायचं ठरलं. वेल कापली की ती ओढून काठावर टाकावी लागते. वरून पानं दिसतात, पण खाली पुरुषभर लांब दांडे असतात, आणि ते पाण्यात सुटे राहिले तर सुतासारखे गुंततात. ओढायला दिवस गेला असता. उमाळेसाहेबांना उद्घाटन उरकायचं होतं. “कापा अन् सोडा तिथंच, जाते खाली बसून,” असा हुकूम त्यांनी घाटावर उभं राहून दिला. दुपारी एका बोटीच्या पायडलमध्ये ती सुटी वेल अडकली, बोट कलली आणि दोन मुली पाण्यात पडल्या. जाकीट कुणाच्याच अंगात नव्हतं, कारण जाकिटं आणलीच नव्हती. मॅडमचे यजमान वसंतराव काठावर होते. पोहण्यात पटाईत माणूस. उडी मारली, दोन्ही मुलींना बोटीला धरवलं. स्वतःचे पाय मात्र वेलीत गेले.

इथवर तो अपघात. आता गुन्हा ऐका. शोकसभा झाली ती त्याच हॉलमध्ये. उमाळेसाहेबांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, “वसंतराव मनाचे मोठे. पण त्या दिवशी थोडी घेतली नसती, तर आज आपल्यात असते.”

वसंतरावांनी उभ्या जन्मात चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. पोस्टमॉर्टेमच्या कागदातही तसं काही आलं नाही. पण कागद कोण वाचतो? माइकवरचं मात्र सगळे ऐकतात. दूधवाल्यापासून मंदिरातल्या भजनी बायांपर्यंत ‘थोडी घेतली होती’ पोचलं आणि मुरलं. ज्या दोन मुली वाचल्या त्यांच्या घरचेही मान खाली घालून हेच म्हणू लागले. वेलीचं नाव कुणी काढेना.

मॅडम ओरडल्या नाहीत, रडत फिरल्या नाहीत. त्यामुळे लोकांना वाटलं, बाई समजूतदार आहे. उमाळेसाहेबांनाही तसंच वाटलं आणि आयुष्यातली सर्वांत मोठी चूक त्यांनी केली. पुढच्या थंडीत त्यांनी मॅडमना समितीवर घेतलं. ‘सुरक्षाप्रमुख’ असं पद काढलं. बाईला बिल्ला लावला की तोंड बंद राहील, हा त्यांचा हिशेब. आपल्या हाताने विंचू खिशात ठेवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

बिल्ला लागल्या दिवसापासून तलावावर मॅडमचं राज्य सुरू झालं. बोटीत पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाच्या जाकिटाचे पट्टे त्या खांद्याशी धरून वर हिसकायच्या. जाकीट कानाशी आलं तर परत पाठवायच्या. कुणी म्हणालं, “मॅडम, फोटोत बरोबर नाही दिसत,” तर म्हणायच्या, “फोटो भिंतीवर लावायचा आहे का हार घालून? घाल जाकीट.” एका नगरसेवकाच्या मेहुण्याने आपली ओळख सांगितली, तर त्याचे पट्टे आणखी आवळून म्हणाल्या, “पाण्याले पद नाही समजत गा.” पाळीवर पतंग बंद केले, कारण पतंगामागे मुलं आभाळाकडे बघत उलटी धावतात आणि पाळीला कठडा नाही. पतंगासाठी गावाकडचं मोकळं शेत त्यांनी स्वतः जाऊन ठरवलं, शेतकऱ्याला तिळाचे लाडू देऊन. बैठकीत बोलणं रटाळ झालं की मांडीवर दोराचा तुकडा घेऊन त्या गाठी मारत बसायच्या. गाठ मारायची, उमाळेसाहेबांकडे बघायचं, गाठ सोडायची. साहेबांचं भाषण त्या गाठींमुळे आखूड होत गेलं, हा लेआउटला झालेला जादा फायदा.

पण त्यांची खरी कारागिरी उद्घाटनाच्या दिवशी दिसायची. बोटी सुरू करायच्या आधी घाटावर सुरक्षेचा पाठ झाला पाहिजे, असा नियम त्यांनी करून घेतला. नियमावर सही अध्यक्षांचीच. मुलं पायऱ्यांवर बसायची, मोठी माणसं मागे, आणि अध्यक्ष पुढे खुर्चीवर, जाकीट घालून. मॅडम माइक घेऊन विचारायच्या:

“पोरांनो, शिंगाड्याची वेल कापली की कुठं टाकायची?”

“काठावर!”

“अन् पाण्यात कोण सोडते?”

“येडा मानूस!”

“जोरात!”

“येडाऽ मानूस!”

तलावाच्या पलीकडून आवाज परत यायचा. मुलांना यात काय आहे ते ठाऊक नव्हतं, पण मोठ्यांना होतं, आणि सगळ्यांच्या नजरा जिथे जायच्या तिथेच जायच्या. नाव म्हणून मॅडम घेत नसत. उमाळेसाहेब हातातल्या नारळाकडे बघत बसायचे. तक्रार तरी काय करणार? ‘येडा माणूस म्हणजे मी’ हे आधी कबूल करावं लागलं असतं.

एकदा पाळीवरच्या फेरीत मी बरोबर होतो. ऊन छान पडलं होतं. मी भीत भीत म्हणालो, “मॅडम, आता इतकी वर्षं झाली. किती दिवस छळाल त्या माणसाला?”

त्या थांबल्या नाहीत. चालता चालताच म्हणाल्या, “भाऊ, तुम्हाले वाटते मले त्याचा जीव पाहिजे? त्याच्या जीवाचं काय मी लोणचं घालू? मले एक वाक्य पाहिजे. ‘वसंतराव पिऊन नव्हते.’ माइकवर खोटं बोलला, माइकवरच खरं बोलन. तोवर मी त्याले झोपू देत नाही, अन् मी मरतही नाही.”

“मागून पाहिलं कधी? सरळ?”

“मागू काहून? भीक आहे का?” मग थोडं पुढे गेल्यावर, वेगळ्याच आवाजात त्या म्हणाल्या, “माझी नात शाळेतून घरी येऊन इचारते, आजी, आजोबा दारू पीत होते का वं? तिच्या बरोबरच्या पोरीनं सांगितलं तिले. सांगा आता, सोडू?”

त्या दिवसापासून मी मनाने त्यांच्या बाजूला गेलो, आणि अध्यक्षांच्या चहात साखर कमी पडली तरी मला बरं वाटू लागलं.

आता बुडायच्या तालमीबद्दल. हीसुद्धा मॅडमचीच योजना. दर थंडीत बोटी सुरू होण्याआधी समितीतल्या एकाने जाकीट घालून घाटावरून पाण्यात उतरायचं, हातपाय न मारता तरंगायचं, आणि मॅडमनी टाकलेला दोर धरायचा. मग लगेच ओढायचं नाही. आधी त्याच्याशी बोलायचं. “बुडत्याशी बोलत राहिलं पाहिजे,” मॅडम मुलांना समजावायच्या, “म्हणजे तो घाबरत नाही, अन् आपल्याले समजते का हा शुद्धीवर आहे.” आधी डॉक्टर तपासणार, शेजारी बोट तयार राहणार, सगळं रीतसर.

एका वर्षी माझी पाळी आली. डिसेंबरचं पाणी म्हणजे काय ते मी सांगत नाही, दात अजून हलतात. मी तरंगतोय, आणि वर घाटावर मॅडम दोराचं टोक मनगटाला गुंडाळून उभ्या.

“नाव सांगा!”

सांगितलं.

“आज वार कोणता?”

“र-र-रविवार!”

“बायकोचं नाव?”

त्या थंडीत मी चुकून मेहुणीचं सांगितलं. पुढचं वर्षभर घरात जे झालं त्याचा सुरक्षेशी संबंध नाही. पण एक गोष्ट मला त्या पाण्यात कळली. दोराच्या दुसऱ्या टोकाला जो उभा असतो, तो विचारेल त्याचं खरं उत्तर तोंडातून आपोआप निघतं. खोटं रचायला ऊब लागते.

उमाळेसाहेबांची पाळी दरवर्षी यायची आणि दरवर्षी टळायची. एकदा ब्लडप्रेशर, एकदा सायटिका, एकदा सुनेचं डोहाळजेवण. मॅडम वाद घालत नसत. “बरं साहेब, पुढच्या वर्षी,” म्हणायच्या आणि शिंगाड्याची बशी पुढे करायच्या.

शेवटी साहेबांनी स्वतःच स्वतःला पाण्यात घातलं. खऱ्या अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात पाहुण्यांचा सुकाळ असतो. साहेबांनी खूप खटपट करून एका बड्या पाहुण्याला उद्घाटनाला आणलं. मागे कॅमेरेवाले. पाहुण्यांना पोरांचा पाठ फार आवडला, ‘येडा मानूस’वर तर ते खळखळून हसले. मग त्यांनी सहज विचारलं, “वा! अन् तालीम कोण करून दाखवणार आज?”

मॅडमनी फक्त माइक मुलांकडे वळवला.

“उमाळे आजोबा! उमाळे आजोबा!”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “व्वा साहेब, अध्यक्ष स्वतः! याला म्हणतात नेतृत्व!” आता मॅडमला नाही म्हणता येतं, पाहुण्यांना कसं म्हणणार? कॅमेरे वळले. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळून दाब पाहिला आणि म्हणाले, “एकदम फिट आहे, जा.” मॅडमनी साहेबांच्या जाकिटाचे पट्टे स्वतः आवळले, खांद्याशी धरून हिसकून पाहिले, पुन्हा आवळले. त्यांच्या बाबतीत त्या इतर कुणाहूनही जास्त काटेकोर होत्या, हे मी शपथेवर सांगेन.

साहेब उतरले. पाण्याने तोंडातून ‘हाऽ’ काढलं. जाकिटाने बरोबर उचलून धरलं. दोर पडला, त्यांनी धरला, आणि पाय वर येऊन ते दुधीभोपळ्यासारखे तरंगू लागले.

“नाव सांगा!”

“उ-उमाळे!”

“वार?”

“शनिवार! ओढा आता!”

“थांबा साहेब, घाबरू नका. जाकीट आहे, दोर आहे, डॉक्टर आहे. तुमचं काही नाही होत. या तलावात जो गेला त्याच्याजवळ यातलं एकही नव्हतं. सांगा, वसंतराव भोयर त्या दिवशी पिऊन होते का?”

पाहुणे हसत होते, ते थांबले. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मी सचिव. मध्ये पडणं माझं काम होतं. मी पडलो नाही, आणि मला अजिबात दया आली नाही. उलट वाटलं, अजून थोडं थंड असतं तर बरं झालं असतं.

“ओढा हो!”

“ओढते ना. उत्तर द्या.”

“नव्हते!”

“मागच्या लोकांले ऐकू नाही येऊन राहिलं, साहेब.”

“नव्हते! पिऊन नव्हते!”

मॅडमनी दोर ओढला. साहेब शेवटच्या पायरीला लागले तशा त्या खाली उतरल्या, एका हाताने जाकिटाचा पट्टा धरला आणि दुसऱ्या हाताने माइक त्यांच्या तोंडापुढे.

“आता यात. पूर्ण.”

साहेबांचे ओठ निळे झाले होते. “वसंतराव... पिऊन नव्हते.”

“अन् वेल?”

“वेल... मी सोडायला लावली.”

“या वर,” मॅडम म्हणाल्या. घोंगडी त्यांनीच पांघरली, आल्याचा चहाही त्यांनीच दिला. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, “पाह्यलं? बुडता माणूस बोलत राहिला, म्हणून शुद्धीवर राहिला. चला, जाकिटं घाला.” बोटी सुरू झाल्या.

मला वाटलं, संपलं. पण हार मानली तर ते उमाळेसाहेब कसले? आठवड्याभरात लेआउटमध्ये नवीनच बातमी फिरू लागली. थंड पाण्यात उतरायचं म्हणून साहेबांनी आधी थोडी घेतली होती, त्यांना शुद्ध नव्हती, म्हणून पाण्यात काहीबाही बोलले. ही बातमी त्यांच्या शत्रूंनी नाही, त्यांच्याच माणसांनी पसरवली, आणि साहेब गप्प बसून ऐकत राहिले. खोटारडा ठरण्यापेक्षा दारुडा ठरलेलं त्यांना परवडत होतं. लोकही मान हलवू लागले. पुन्हा तेच: ‘थोडी घेतली होती.’ मॅडमचं सहा थंड्यांचं काम असं पुसलं जाताना बघून माझं रक्त उसळलं. मी त्यांच्या घरी गेलो. त्या दारात बसून जाकिटांचे बंद शिवत होत्या. ऐकून घेतलं, दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, “संक्रांतीले माइक आहे ना?”

त्या उन्हाळ्यात मॅडम लेकीकडे वर्ध्याला गेल्या आणि तिथेच राहिल्या. पण मला आठवतात त्या त्याआधीच्या संक्रांतीच्या सकाळच्या. गावाकडच्या त्या शेतात सगळा लेआउट जमला होता, आभाळ पतंगांनी भरलेलं. पुढच्या रांगेत उमाळेसाहेब, काळ्या सफारीत, आता पुन्हा ताठ. मॅडमनी नात सोबत आणली होती, तिला साहेबांच्या अगदी शेजारच्या खुर्चीत बसवलं. बशी आणली नव्हती. गळ्यात शिट्टी होती. त्यांनी माइक घेतला.

“लोकं म्हणून राहिले का उमाळेसाहेब तालमीच्या दिवशी पिऊन होते,” त्या म्हणाल्या. “मेल्या माणसावर कोणी असं बोललं, तर त्याले उत्तर देता नाही येत. पण साहेब जिते आहेत, अन् दोर माझ्या हातात होता, म्हणून मी सांगते. हे खोटं आहे.”

साहेबांची मान वर आली. त्यांना वाटलं, बाई माफ करते आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

“साहेब पिऊन नव्हते,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टरनं तपासलं होतं, मी तोंडाजवळ उभी होते. पाण्यात खरं बोलले तेव्हा साहेब पूर्ण शुद्धीवर होते.” मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं, आणि आवाज जराही न चढवता वाक्य पुरं केलं. “अन् हॉलमधी माझ्या माणसाबद्दल बोलले, तेव्हाबी शुद्धीवर होते.”

माइक माझ्या हातात दिला, नातीचं बोट धरलं आणि पतंग बघायला निघून गेल्या.